उजव्या हाताचा ब्रेक

देवबागच्या किनाऱ्यावर जेट स्कीवाला मुलगा सूचना द्यायला तोंड उघडतो न उघडतो, तोच पुण्याहून आलेले काका त्याला हातानंच थांबवतात. "अरे, तीस वर्षं स्कूटर चालवतोय. लक्ष्मी रोडवर. गणपतीत." यापुढे कुणी काही शिकवायचं उरत नाही. गणपतीत लक्ष्मी रोडवर गाडी काढणाऱ्या माणसाला अरबी समुद्राचं काय कौतुक? सिग्नल नाही, खड्डे नाहीत, पीएमपीची बस अंगावर येत नाही. दरफलकावरही 'वॉटर स्कूटर' असंच लिहिलेलं. सीट आहे, हँडल आहे, दोन मुठी आहेत, मागे काकूंपुरती जागा आहे. त्यात २०१३ साली 'धूम ३'मध्ये आमिर खानची मोटारसायकल शिकागोच्या नदीत शिरली आणि पाण्यावरून पळू लागली. तेव्हापासून जेट स्की म्हणजे भिजलेली मोटारसायकल, यावर देशाचं एकमत झालेलं आहे.

घोटाळा उजव्या हातात आहे. स्कूटरची उजवी मूठ पिळली की वेग वाढतो आणि त्या मुठीपुढची दांडी आवळली की पुढचा ब्रेक लागतो. जेट स्कीची मूठ पिळून काहीही होत नाही, कारण ती फिरतच नाही. पुढच्या दांडीला मात्र थ्रॉटल जोडलेला असतो. म्हणजे जिथे ब्रेक हवा तिथे ॲक्सिलरेटर. समोर अचानक बनाना राइड आडवी आली, की तीस वर्षांचा अनुभव मेंदूला न विचारता कामाला लागतो. चार बोटं गच्च आवळतात आणि यंत्र उसळी मारून थेट त्या केळ्यावर चाल करून जातं. माणूस जितका घाबरेल तितका वेग जास्त. या बाबतीत ज्याला सायकलसुद्धा येत नाही तो बरा. त्याच्या बोटांना कसलीच सवय नसते.

मग ब्रेक आहे कुठे? जुन्या यंत्रांना तो नाहीच. जेट स्की बनवणाऱ्या 'सी-डू'नं २००९च्या मॉडेलांपासून ब्रेक आणला, तोही डाव्या हाताला.

या यंत्राची रचना तशी साधी आहे. पोटाखालच्या जाळीतून पाणी आत ओढायचं, आतल्या पंख्यानं ते रेटायचं आणि मागच्या तोंडातून जोरात फेकायचं. त्या फेकलेल्या पाण्याच्या बळावर यंत्र पुढे जातं. होडीला असतं तसं सुकाणू याला नाही. हँडल वळवलं की मागचं तोंड वळतं आणि पाणी ज्या बाजूला फेकलं जाईल त्यावरून दिशा ठरते. सगळी गंमत इथेच आहे. थ्रॉटल सोडला की पाणी फेकणं थांबतं आणि पाणी फेकणं थांबलं की वळणंही थांबतं. हँडल मग देवळातल्या घंटेइतक्याच श्रद्धेनं हलवत बसावं, उपयोग नाही. यंत्र ज्या दिशेला निघालं होतं त्याच दिशेला, वेग असेल त्या मानानं, घसरत जातं. समोर धक्का असेल तर धक्क्यावर, होडी असेल तर होडीवर.

धोका दिसला की वेग कमी करून बाजूला व्हावं, हे आरटीओपासून आजोबांपर्यंत सगळ्यांनी शिकवलेलं असतं. जेट स्कीवर धोका टाळायचा तर थोडा गॅस ठेवूनच वळावं लागतं. परदेशातल्या अपघातांच्या चौकशीत हा एक प्रकार इतक्यांदा पुढे आला की कंपन्यांनी नव्या यंत्रांत त्यावर तोड काढली. हँडल पूर्ण वळवलेलं दिसलं की इंजिन स्वतःहून थोडं पाणी फेकतं. पण किनाऱ्यावरचं भाड्याचं यंत्र किती नवं असेल, याची चौकशी करावी असं कुणाला वाटत नाही. चौकशी होते ती 'पाच मिनिटांचे एवढे?' एवढीच. आणि ही यंत्रं म्हणजे खेळणी नव्हेत. हलकं असलं तरी दोनेकशे किलोचं, मोठं असलं तर चारशेच्या घरातलं धूड. मोठ्या मॉडेलांची ताकद तीनशे अश्वशक्तीच्या वर जाते. ज्या मारुती ८००मध्ये काकांचं अख्खं कुटुंब, दोन ट्रंका आणि लोणच्याची बरणी महाबळेश्वरचा घाट चढून गेली, तिची होती सदतीस.

म्हणूनच कोकणात बहुतेक ठिकाणी यंत्राचा मुलगा पर्यटकाबरोबर बसतो. पाठीमागून दोन्ही हात पुढे घालून तो हँडल धरतो आणि पर्यटकानं त्या हातांवर आपले हात ठेवायचे असतात. पुढे सोसायटीच्या ग्रुपवर जो फोटो पडतो त्यात मुलगा कापलेला असतो. हात मात्र कापता येत नाहीत. त्यामुळे पुण्यातल्या कितीतरी सुखवस्तू गृहस्थांना फोटोत चार हात दिसतात आणि कुणी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

यंत्रासोबत एक लाल, जुन्या लँडलाइनच्या वायरसारखी वेटोळ्यांची दोरी येते. तिचं एक टोक इंजिनाच्या खटक्यात अडकवायचं आणि दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला. माणूस पडला की दोरी निसटते आणि इंजिन बंद पडतं. इतकं साधं आणि इतकं गुणी दुसरं काही या यंत्रावर नाही. अमेरिकेत २६ फुटांखालच्या मोटरबोटींवर अशी दोरी किंवा तिचं बिनतारी रूप चालवणाऱ्यानं वापरलंच पाहिजे, असा नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. आपल्याकडचा टापटिपीचा माणूस काय करतो? दोरी लोंबकळते, कुठेतरी अडकेल, हरवेल, म्हणून तिचं दुसरं टोक हँडललाच दोन वेढे देऊन नीट बांधून ठेवतो. आता माणूस पडला तरी दोरी सुरक्षित. आणि जुन्या काळातली काही यंत्रं स्वार पडल्यावर सावकाश गोल फिरून त्याच्याजवळ यायची, तशी माया आता कुणी करत नाही.

लाइफ जॅकेटचं दुःख निराळं. ते घालायला कुणाचा नकार नसतो. फोटोत भगवा रंग चांगला येतो. नकार असतो तो बक्कल लावायला. "गुदमरतं," असं काकू म्हणतात. "मला पोहता येतं," असं काका म्हणतात, आणि ते खरंही असतं. टिळक तलावाच्या कट्ट्यापासून समोरच्या कट्ट्यापर्यंत येतं. पण जेट स्कीवरून पडणारा माणूस पोहायच्या तयारीनं पडत नाही. तो वेगात, वाकडातिकडा, चष्म्यासकट आणि बहुधा तोंड उघडं असताना पडतो. बक्कल न लावलेलं जॅकेट त्याच क्षणी डोक्यावरून निघून स्वतंत्रपणे तरंगू लागतं. जॅकेट अंगात बसलंय का, हे बघायची एक रीत आहे. हात वर करायचे आणि दुसऱ्यानं खांद्यापाशी धरून जॅकेट वर ओढायचं. ते कानांपर्यंत आलं तर सैल आहे, मापाचं दुसरं मागायचं. लहान मुलांना मोठ्यांचं जॅकेट 'पुढच्या वर्षीही होईल' या हिशेबानं घालणं तर अजिबात चालत नाही.

एवढं करून माणूस पाण्यावर निघाला की समोरून दुसरी जेट स्की येते. भारतीय माणूस जन्मजात डावीकडे होतो. समुद्रात समोरासमोर आलेल्या यांत्रिक नौकांनी आपापल्या उजवीकडे वळायचं असतं. १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांत तसं स्पष्ट आहे. तिरकं येणारं जहाज आपल्या उजव्या हाताला असेल तर त्याला वाट द्यायची, शिडाच्या होडीला तर सहसा द्यायचीच. आता दोन्ही स्वार पुण्याचे असतील तर दोघंही डावीकडे वळून सुखरूप जातात, नियम मोडूनही. खरी पंचाईत होते ती एक पुण्याचा आणि दुसरा कोळी असेल तेव्हा. त्यात कोळी बरोबर असतो आणि पुणेकर त्याला हात करून विचारतो, "दिसत नाही का?"

जेट स्कीला हे नियम लावायचे का, यावर थोरामोठ्यांतही एकमत नव्हतं. इंग्लंडमध्ये २००५ साली एक अपघाताचा खटला अपील न्यायालयापुढे गेला. प्रश्न असा होता, की जेट स्की हे कायद्याच्या लेखी जहाज आहे का? न्यायमूर्तींनी विचारान्ती सांगितलं की नाही. जहाज कुठून तरी निघून कुठे तरी जातं. हे तर मौजेखातर एकाच जागी गरगरत राहतं, याला नौकानयन म्हणता येत नाही. इतका मार्मिक निकाल क्वचितच लागतो. त्याचा परिणाम मात्र असा झाला, की बेदरकार जेट स्कीवाल्यांना जहाजांचा कायदा लागेना. ही फट बुजवायला २०२३ साल उजाडावं लागलं. आता तिथे दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

या दोन तारखांच्या मध्ये एक स्कॉटिश तरुण होऊन गेला, ज्यानं जेट स्कीवरून खरोखर कुठून तरी निघून कुठे तरी जाऊन दाखवलं. डिसेंबर २०२०, कोविडची बंदी, आणि मैत्रीण समुद्रापलीकडे आइल ऑफ मॅन बेटावर. गड्यानं जेट स्की घेतली. यापूर्वी ती कधी चालवलेली नव्हती. नकाशात अंतर भरलं चाळीसेक किलोमीटर आणि त्यानं वेळ धरला चाळीस मिनिटं. हा हिशेब महामार्गावरचा होता. डिसेंबरातल्या आयरिश समुद्रानं त्याचे साडेचार तास घेतले. पलीकडे पोचल्यावर तो भिजक्या अंगानं पंधरा मैल चालत मैत्रिणीच्या घरी गेला. पुढे पोलिसांनी पकडलं आणि चार आठवड्यांची शिक्षा झाली, तीही कोविडचे नियम मोडल्याबद्दल. अनुभव नसताना हिवाळ्यात समुद्र ओलांडला, याबद्दल वेगळी शिक्षा कुठल्याच कायद्यात नव्हती. एका लाटेनं ती दिली असती, पण त्याचं नशीब थोर.

समुद्रावरचा वेळ आणि पेट्रोल यांचा जमिनीवरच्या हिशेबाशी संबंध नसतो. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश शिलकीत, अशी दर्यावर्दींची पद्धत. आपल्याकडे काटा तळाला टेकल्यावरच खरा प्रवास सुरू होतो. 'रिझर्व्हला लागली तरी पस्तीस किलोमीटर जाते' हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. शेवटी गाडी बंद पडलीच तर ती आडवी करायची, झटकायची, नाहीतर ढकलत पंपावर न्यायची. समुद्रात आडवी करण्याचा कार्यक्रम यंत्र स्वतःच उरकतं. ढकलायला मात्र पायाखाली काही लागतं.

यंत्र बंद पडलं तर ते सोडून जायचं नाही, हा नियम सगळ्यात अवघड. रुंद, रंगीत, तरंगणारं धूड हेलिकॉप्टरला किंवा होडीला दिसतं. लाटांत तरंगणारं एकटं डोकं दिसत नाही. पण माणसाचा जीव राहत नाही, त्याला 'जरा बघून येतो' म्हणून निघायचंच असतं. ऑगस्ट २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या जमैका उपसागरात एका गृहस्थांची जेट स्की अंधारात बंद पडली. त्यांना दूरवर दिवे दिसले, आणि ते दिव्यांच्या रोखानं पोहत निघाले. किनाऱ्याला लागले, कुंपण दिसलं, चढून पलीकडे उतरले. चालता चालता दोन रुंद रस्ते ओलांडले. ते रस्ते नव्हते; जॉन एफ. केनेडी विमानतळाच्या धावपट्ट्या होत्या. घुसखोर पकडण्यासाठी या विमानतळाभोवती दहा कोटी डॉलरची यंत्रणा बसवलेली होती. तिच्या डोळ्यांदेखत हे गृहस्थ पिवळाधमक लाइफ जॅकेट घालून, पाणी निथळत, टर्मिनलपर्यंत गेले आणि तिथे आपण होऊन मदत मागितली. मदतीऐवजी अतिक्रमणाचा गुन्हा दाखल झाला. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांनी यंत्रणेची यथेच्छ टिंगल केली. लाइफ जॅकेटनं मात्र आपलं काम चोख बजावलं होतं, त्याबद्दल कुणी दोन ओळी लिहिल्या नाहीत.

मदत मागण्याचीही रीत आहे. दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली, वर-खाली करायचे. ही खूण आंतरराष्ट्रीय नियमांत संकटाची म्हणून नोंदलेली आहे. देवबागच्या किनाऱ्यावर ती वापरली तर काय होईल, हे सांगायला नको. किनाऱ्यावरून काकू, मुलगी, जावई आणि शेजारच्या बसमधली मंडळीही तितक्याच उत्साहानं हात हलवतील आणि जावई व्हिडिओ काढेल. त्यापेक्षा पाणी न शिरणाऱ्या पिशवीत फोन गळ्यात असावा आणि त्यात तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आधीच घातलेला असावा.

बंद पडलेलं यंत्र कुठे जाईल, याचं उत्तर सहावी-सातवीच्या भूगोलात दिलेलं होतं: खारे वारे आणि मतलई वारे. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई. सगळ्यांनी हे दोन गुणांसाठी पाठ केलं आणि परीक्षा झाल्यावर सोडून दिलं. दुपारी तीनला इंजिन बंद पडलं तर खारा वारा बहुधा किनाऱ्याकडे लोटतो. गर्दी नको म्हणून भल्या पहाटे समुद्र गाठलेल्या हौशी माणसाला मात्र मतलई वारा अगदी हळुवारपणे ओमानच्या रस्त्याला लावतो.

भरती-ओहोटीचा हिशेब तर त्याहून सोपा, पंचांग घरात असेल तर. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणून तीनच्या सुमारास पूर्ण भरती, एकादशीला सव्वाआठ. तिथून सहा तासांनी ओहोटी. कोकणातल्या म्हाताऱ्या खलाशाला यासाठी ॲप लागत नाही. संकष्टीला चंद्रोदय किती वाजता, हे ज्यांना मिनिटासकट माहीत असतं त्यांना त्याच चंद्रानं पाणी किती वाजता ओढून नेलं, याचा पत्ता नसतो. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी पाणी उथळ होतं, जाळीतून पाण्याऐवजी वाळू आत जाते आणि पंख्याचं भरड दळण निघतं.

ओहोटीनं याहून मोठ्या माणसाला अडवलेलं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये चीनमधला एक राजकीय विरोधक जेट स्कीवरून शानतुंग प्रांतातून निघाला आणि पिवळा समुद्र ओलांडून दक्षिण कोरियाला पोचला. अंतर सुमारे ३०० किलोमीटर. स्कॉटिश तरुण, न्यूयॉर्कचे गृहस्थ आणि हा, या तिघांत तयारी खरी त्याची. हेल्मेट, लाइफ जॅकेट, दुर्बीण, होकायंत्र आणि यंत्रामागे बांधलेले पंचवीस-पंचवीस लिटर इंधनाचे पाच कॅन. मागे राजवट आणि पुढे अंधार, अशा स्थितीतही त्यानं पेट्रोलचा हिशेब चुकवला नाही. पण इंचॉनपाशी भरती-ओहोटीत नऊ मीटरपर्यंत फरक पडतो. जगातल्या एका बलाढ्य सत्तेच्या हातून निसटलेला माणूस शेवटी किनाऱ्याजवळच्या चिखलात रुतला, आणि त्यानं स्वतःच फोन करून कोरियन तटरक्षकांना बोलावलं.

आपल्याकडे चिखलाच्या जोडीला खडक आहेत. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर १६६४ साली सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं, तेव्हा आजूबाजूचे बुडते खडक हा गुणच मानला गेला होता. परक्या जहाजाला त्यातून वाट सापडायची नाही. ते खडक अजून ड्युटीवर आहेत आणि पर्यटक कोण, शत्रू कोण, असा भेद करत नाहीत. तिथले होडीवाले ठरलेल्या वाटेनंच का जातात, 'सरळ का नाही नेत' असं विचारणाऱ्यांनी एकदा ओहोटीला बघावं. रापण लागलेली असेल तर आणखी एक काम. किनाऱ्यापासून अर्धगोल टाकलेल्या जाळ्याचे दोर पाण्याखाली ताणलेले असतात आणि दोन्ही टोकांना गावची माणसं ओढत असतात. जेट स्कीनं तो दोर पोटात ओढून घेतला की पंखा जाम होतो, जाळं फाटतं आणि पन्नास माणसं कामधंदा सोडून एकाच माणसाकडे बघू लागतात. बुडण्याची भीती त्यापुढे काहीच नव्हे.

यंत्रावर सूचनांची स्टिकरं असतात. एक स्टिकर कंपनीनं फार संकोचानं लिहिलेलं दिसतं: स्वारांनी ओल्या सुटाची, म्हणजे जाड रबरी कापडाची चड्डी घालावी. कारण मागे बसलेला माणूस उलटा पडला, तर पाण्याचा तो फवारा साध्या चड्डीला दाद देत नाही आणि शरीराला जिथून वाटा आहेत तिथून आत शिरून गंभीर इजा करतो. विषय चारचौघांत काढण्यासारखा नाही, पण शस्त्रक्रियेपर्यंत गेलेली प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्यामुळे मागे बसणाऱ्यानं पुढच्याला घट्ट धरावं, आणि पुढच्यानं मागचा बसायच्या आत उसळी मारू नये. काकू बर्म्युडावर बसायला तयार झालेल्या असतात, हेच पुष्कळ. रबरी चड्डीचा प्रस्ताव त्यांच्यापुढे कोण ठेवणार?

दुसरं स्टिकर मागच्या बाजूला असतं. यंत्र उलटलं तर कुठल्या बाजूनं फिरवून सरळ करायचं, याचा बाण त्यावर काढलेला असतो. हेही दुचाकीवाल्याला पटत नाही. रस्त्यात स्कूटर पडली की चार जण धावतात, "हां, उचला" म्हणतात आणि हाताला येईल तिकडून उचलतात. इथे भलत्या बाजूनं फिरवलं तर इंजिनात पाणी जातं आणि मग पाच मिनिटांचा दर बाजूला राहून इंजिनाच्या दुरुस्तीचा दर सुरू होतो. हे स्टिकर काही यंत्रांवर मुद्दाम उलटं चिकटवलेलं असतं. काकांच्या नजरेतून अशी गोष्ट सुटत नाही. वाळूत उभं राहून, मान वाकडी करून त्यांनी ते पूर्ण वाचलं आणि मुलाला हाक मारली.

"अरे, हे स्टिकर उलटं लावलंय तुमच्या माणसानं."

मुलगा त्यांच्या जॅकेटचं तिसरं बक्कल लावत होता. वर न बघता म्हणाला, "काका, ता तुमका सरळ दिसतला तेव्हा कळतला."